नाव एका वहीत, आकडा सगळीकडे

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पनवेल मागे टाकलं की कोन फाटा लागतो. तिथून एक रस्ता सावळ्याकडे, पुढे रसायनीकडे जातो. याच कोनमध्ये उंच इमारतींची मोठी वसाहत उभी आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाड्याच्या घरांच्या योजनेत ती बांधली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने इथल्या २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी काढली. कामगारांची आणि त्यांच्या वारसांची नावं यादीत लागली, पण घराचा ताबा मिळेना. तेवढ्यात २०२० उजाडलं आणि जिल्हा प्रशासनाने या इमारती कोविडसाठी ताब्यात घेतल्या. ज्या खोल्यांमध्ये परळ-लालबागच्या कामगारांचे संसार लागायचे होते, तिथे पनवेल परिसरातले संशयित आणि बाधित येऊन राहू लागले.

त्या दिवसांत ‘त्याला कोनला नेलं’ एवढं कुणी म्हटलं तरी ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. रुग्णाचं नाव कोणी छापलं नव्हतं, अहवाल कोणी दाखवला नव्हता. पण सोसायटीच्या दारात रुग्णवाहिका यायची, नखशिखांत पांढरा पोशाख घातलेली माणसं जिना चढायची आणि सगळ्या खिडक्या उघडायच्या. आजार सरकारी यंत्रणेने हातात घेतला की त्याची बातमी कशी पसरते, हे पनवेलने तेव्हा रोज पाहिलं.

जुलै २०२० मध्ये याच केंद्रातून एक भयंकर तक्रार पोलिसांकडे गेली. विलगीकरणात ठेवलेल्या एका महिलेवर तिथेच ठेवलेल्या एका तरुणाने, आपण डॉक्टर असल्याची बतावणी करून, बलात्कार केल्याची ती तक्रार होती. राज्यभर संताप उसळला. चर्चा झाली ती सुरक्षारक्षकांची आणि महिलांसाठी वेगळ्या मजल्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या घटनेने आणखी एक गोष्ट उघडी केली. ‘तुम्हाला काय होतंय?’ हा प्रश्न विचारण्याचा आणि अंगाला हात लावण्याचा अधिकार कुणाला आहे, हे ओळखण्याचं कोणतंही साधन सरकारी केंद्रातल्या रुग्णाच्या हाती नसतं. डॉक्टरांचे चेहरे मास्कखाली, नावाची पट्टी पोशाखाच्या आत. जो येईल आणि विचारेल त्याला सांगायचं. रुग्णाची गोपनीयता म्हणजे निव्वळ कागद कुलुपात ठेवणं नव्हे. आपल्या शरीराबद्दल कोण विचारतोय आणि कशासाठी विचारतोय, हे कळण्याचा हक्कही तिच्यातच येतो.

आता कोविडच्याच काळातली दुसरी बाजू. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात केली. हेतू साफ होता: अशी माणसं लोकलमध्ये, बाजारात दिसली तर ओळखता यावीत. तो शिक्का पाहून माणसांना रेल्वेतून उतरवल्याच्या बातम्याही लगेच आल्या. त्याआधी, ९ मार्चला, पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले होते. दुबईची सहल करून आलेलं ते जोडपं. त्यांची ओळख काही तासांत मोबाइलवर फिरू लागली आणि त्या कुटुंबाला आजाराइतकाच त्रास लोकांच्या नजरांनी दिला. पुढे कित्येक शहरांत बाधितांच्या घरांवर फलक लागले. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिल्याशिवाय असे फलक लावता येणार नाहीत. तोवर पहिली लाट ओसरली होती आणि फलकांनी आपलं काम करून टाकलं होतं.

सुरुवातीच्या आठवड्यांतल्या बातम्या आठवून पाहा. नाव नसायचं. पण वसाहत असायची, सेक्टर असायचा, वय असायचं, बाई की पुरुष हे असायचं, कुठे नोकरी आणि कोणाच्या संपर्कातून लागण तेही असायचं. एप्रिल २०२० मध्ये पनवेल परिसरात मुंबई विमानतळावर काम करणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान बाधित निघाले, तेव्हा त्यांच्या नावांची गरजच उरली नव्हती. गणवेश हीच ओळख झाली.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं सरकारी कार्यालयं आजही मानतात. ते किती खोटं आहे हे अमेरिकेत नव्वदच्या दशकात सिद्ध झालं. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका यंत्रणेने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना खात्री दिली की कोणाचीही खासगी माहिती फुटणार नाही. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून पाहिले आणि खुद्द गव्हर्नरांच्या आजाराच्या नोंदी शोधून काढल्या. अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख या तीन गोष्टींवरून पटू शकते, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे तर संगणकाचीही गरज नाही. गावाचं नाव, वय आणि ‘मुंबईला ड्रायव्हर’ एवढं सांगितलं की पारावरचा कोणीही माणूस नाव सांगेल.

या साऱ्याची मुळं शोधत गेलं की आपण पुन्हा गिरणी कामगारांपाशीच पोचतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रुग्णांना उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेण्याची सक्ती सुरू झाली. २९ ऑक्टोबरला शेकडो गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. आत नेलेला माणूस परत येत नाही, आत काय करतात ते कोणी सांगत नाही, ही त्यांची भीती होती. ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण तिथेच दाखल झाले. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा तो कायदा सरकारला हवे ते उपाय योजायची मोकळीक देत होता. रुग्णाची माहिती कोणी जपायची, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा.

त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या हुकमाखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. माजघरात, देवघरात शिरले. स्टेशनांवर बायकांची अंगं चारचौघांत तपासली गेली. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. साथीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. आजारी माणसाला माळ्यावर, कोठीत, शेजारच्या गावी हलवलं जाऊ लागलं. मृत्यूही लपवले गेले. सरकार जितकं घरात घुसलं, तितका प्लेग त्याच्या नजरेआड झाला.

म्हणून ‘साथीत गोपनीयता परवडत नाही’ हे वाक्य मला धोकादायक वाटतं. साथीच्याच काळात ती सर्वांत जास्त लागते. आपलं नाव बाहेर जाणार नाही याची खात्री असेल तर माणूस स्वतःहून तपासणीला येतो. खात्री नसेल तर तो मेडिकलमधून गोळ्या आणतो, अंगावर काढतो आणि घरच्यांना लागण देतो.

ही गोष्ट एचआयव्हीने आपल्याला नीट शिकवली. मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली एक निकाल लागला. एका सार्वजनिक उपक्रमातला हंगामी मजूर वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीबाधित निघाला. तो काम करायला धडधाकट होता, तरी त्याला कामावर घेणं थांबवलं गेलं. दाद मागायची तर कोर्टात नाव सांगावं लागणार, आणि नाव सांगितलं की चाळीत राहणं मुश्कील. न्यायालयाने त्याला खरं नाव झाकून खटला चालवायची मुभा दिली. तो खटला आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ म्हणूनच ओळखला जातो. केवळ बाधित आहे म्हणून सक्षम माणसाची रोजी हिरावता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. निकाल मोठा आहेच, पण त्याच्या आधी दिलेली नाव झाकण्याची मुभा मला त्याहून मोठी वाटते. तिच्याशिवाय तो मजूर कोर्टाची पायरी चढलाच नसता. वीस वर्षांनी, २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायद्यात ही मुभा कलम म्हणून आली. १० सप्टेंबर २०१८पासून तो लागू आहे. संमतीशिवाय कोणाची बाधित असल्याची माहिती उघड करता येत नाही आणि नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या जपण्याचं बंधन आहे.

गर्भपाताच्या नियमांत तर याहून जुनं आणि साधं उत्तर सापडतं. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१चा. त्याच्या नियमावलीनुसार बाईचं नाव फक्त दाखल रजिस्टरमध्ये लिहायचं. ते रजिस्टर गोपनीय दस्तऐवज, ते सुरक्षित ठेवायचं. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, फेरतपासणीचं कार्ड या सगळ्यांवर नाव नाही, अनुक्रमांक. नाव एका वहीत, बाकी सगळीकडे आकडा. यासाठी ना महागडं सॉफ्टवेअर लागत, ना परदेशी सल्लागार. २०२१च्या दुरुस्तीने ही माहिती फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवताना, तिने किंवा पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही.

म्हणजे ओळख उघड न करताही सरकारला आपलं काम करता येतं, हे आपल्याच व्यवस्थेने दाखवून दिलेलं आहे. गरोदर स्त्रियांच्या तपासणीतून उरलेल्या रक्तावरची ओळखचिठ्ठी काढून एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याचं काम देशात वर्षानुवर्षं झालं. आकडा मिळाला, बाई अनोळखी राहिली.

मग उरलेल्या दवाखान्यात असं का होत नाही? आजिवलीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या गजबजलेल्या ठिकाणी सकाळची ओपीडी कशी चालते ते डोळ्यांसमोर आणा. केसपेपर काढताना खिडकीतून आवाज येतो, ‘काय होतंय?’ मागे वीस माणसांची रांग. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे फार चांगलं झालं, आणि त्यामुळे रांगही लांबली. डॉक्टरांच्या टेबलाभोवती एकाच वेळी चार रुग्ण उभे असतात. एकीला पाळीचा त्रास सांगायचाय, शेजारी गावातलाच पोरगा खोकत उभा. ती म्हणते, ‘डोकं दुखतंय.’ डॉक्टर डोकेदुखीची गोळी लिहून देतात. इथे कोणी काही फोडलेलं नसतं. फक्त एक पडदा नसतो, एक वेगळी खुर्ची नसते, आणि एका बाईचा आजार ओळखायचा राहून जातो. खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याला बंद दार मिळतं. सरकारी दवाखान्यातल्या गरिबाला गोपनीयतेची गरज कमी असते असं नाही, त्याच्याकडे ती विकत घ्यायला पैसे नसतात.

क्षयरोगाचं उदाहरण मला जास्त टोचतं. २०१२पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ते योग्यच आहे. औषध मधेच सुटलं तर जंतू दाद देईनासा होतो, म्हणून इथे नाव लागतं, पत्ता लागतो, आशाताईंना घरी जावं लागतं. पण सप्टेंबर २०२२मध्ये ‘निक्षय मित्र’ उपक्रम सुरू झाला. रुग्णाच्या संमतीने त्याला पोषण आहाराची मदत करायची, अशी चांगली कल्पना. मग ठिकठिकाणी समारंभ झाले. हातात धान्याची पिशवी घेतलेले रुग्ण, बाजूला दाते आणि पाहुणे, आणि दुसऱ्या दिवशी फोटो. ज्या आजारामुळे अजूनही मुलीचं लग्न मोडतं आणि भाडेकरूला खोली खाली करावी लागते, त्या आजाराच्या रुग्णाला पिशवीच्या बदल्यात आपला चेहरा द्यावा लागतो. समोर मदत ठेवून मागितलेली संमती ही खरी संमती नव्हे. पिशवी घरी पोचवा, फोटो काढू नका. यासाठी एक रुपयाही जास्त लागणार नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही फोटो असतो. २०१२मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. दाव्यासोबत रुग्णाचे फोटो, अहवाल, कागद संगणकावर चढतात. बनावट रुग्ण दाखवून पैसे उकळले जाऊ नयेत म्हणून ही खबरदारी, आणि ती अनाठायी नाही. पण टाक्यांसह काढलेला तो फोटो आरोग्यमित्रापासून विमा तपासणाऱ्यापर्यंत किती पडद्यांवर उमटतो, हे रुग्णाला कोणी सांगत नाही.

आता सगळंच संगणकावर चाललं आहे. २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक, त्याला जोडलेले अहवाल, आणि रुग्णाच्या संमतीनेच डॉक्टरला ते दिसावेत अशी रचना. कागदावर रचना उत्तम आहे. जुना एक्स-रे हरवला म्हणून पुन्हा काढायला लागणं थांबेल, कोकणातल्या माणसाचा इतिहास मुंबईच्या डॉक्टरला दिसेल. ‘आभा’ ऐच्छिक आहे, हेही लक्षात ठेवा. पण खिडकीवर ‘मोबाइल द्या, ओटीपी सांगा’ एवढंच ऐकणाऱ्या आजीला ती ऐच्छिक असल्याचं कळत नाही. आणि संगणकावरची माहिती गेली तर एकाची जात नाही, सगळ्यांची जाते. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयाचं काम कितीतरी दिवस कागद-पेनाने चालवावं लागलं.

कायदा काय म्हणतो? डॉक्टरला रुग्णाचं गुपित जपणं २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंधनकारक आहे. पण खिडकीवरचा कारकून, डेटा एंट्री ऑपरेटर, कंत्राटदार कंपनीचा माणूस हे डॉक्टर नव्हेत. २०११मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आलेल्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ मानली गेली, पण ते नियम कंपन्यांपुरते होते, सरकारी रुग्णालयाला ते लागू नव्हते. २०१८मध्ये केवळ आरोग्याच्या माहितीसाठी कायद्याचा एक मसुदा केंद्राने तयार केला होता; तो कायदा झालाच नाही. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. या कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळं, जास्तीचं संरक्षण नाही. उलट सरकारी लाभ देताना किंवा साथीच्या वेळी सरकारला संमतीशिवाय माहिती वापरायची सवलत आहे.

याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातलं एक कलमही बदललं, आणि त्या कलमाशी महाराष्ट्रातली एक गोष्ट जोडलेली आहे. माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद दिली. शिक्षेतला बराचसा काळ ते जे. जे. रुग्णालयात होते. खरंच आजारी होते का, हे जाणून घेण्यासाठी एका नागरिकाने माहिती अधिकारात वैद्यकीय कागद मागितले. नाईक यांनी गोपनीयतेचा आधार घेतला. २००७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याची अशी माहिती सार्वजनिक हितासाठी देता येते. मला हा निकाल बरोबर वाटतो. शिक्षा न्यायालयाने लोकांच्या वतीने दिलेली असते, ती भोगली की नाही हे लोकांना कळलं पाहिजे. नव्या कायद्याने त्या कलमातला सार्वजनिक हिताचा अपवादच काढून टाकला. दुसऱ्या एका कलमातली वाट शिल्लक आहे, पण ती अरुंद आहे. सत्तेतल्या माणसाचं गुपित अधिक घट्ट झालं आणि ओपीडीच्या रांगेतल्या बाईचं होतं तसंच उघडं राहिलं. गोपनीयतेचं हे वाटप उफराटं आहे.

युरोपातल्या एस्टोनिया या छोट्या देशात आरोग्याच्या नोंदी सरकारी व्यवस्थेतच आहेत. तिथला प्रत्येक नागरिक आपली नोंद कोणी, कधी उघडून पाहिली ते स्वतः पाहू शकतो. कारण नसताना डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. आपल्याकडे ‘आभा’ला जोडून ही एक सोय सक्तीची केली, मराठीत आणि साध्या मोबाइलवर एसएमएसने कळेल अशी केली, तर दहा परिपत्रकांनी होणार नाही तेवढं काम होईल.

ते होईपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांना सांगते’ एवढं म्हणा. तपासणीच्या वेळी पडदा मागा, बाईमाणूस सोबत हवी म्हणून सांगा. तपासायला आलेल्याला नाव आणि हुद्दा विचारा. ‘आभा’साठी ओटीपी देण्याआधी ‘नाही काढला तर उपचार मिळतील ना?’ हा प्रश्न मोठ्याने विचारा, मिळतातच. आपले कागद मागा: आंतररुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आणि आशाताई शेजारच्या घरी का आल्या होत्या, हे त्यांना विचारू नका.